मार्चमधला ठिपका

पीएच.डी.ला प्रवेश घेतला की आमच्या संस्थेत पहिल्या आठवड्यात एक कार्यक्रम असतो. आम्ही मुलं त्याला वधू-वर मेळावा म्हणतो. सगळे प्राध्यापक एकेक करून उभे राहतात आणि आपापला विषय मांडतात, म्हणजे विद्यार्थ्यांनी आपल्याकडे यावं. कण आणि केंद्रकांच्या भौतिकशास्त्रात स्थळं पुष्कळ. कुणी परदेशातल्या मोठ्या कोलायडरचे फोटो दाखवतं, कुणी न्यूट्रिनो पकडायच्या टाक्यांचे. कुणी जड केंद्रकं एकमेकांवर आपटून त्यांचं कढत सूप करतं, कुणी ताऱ्यांच्या पोटात सोनं कसं शिजतं ते सांगतं. सगळ्यांच्या शेवटच्या स्लाइडवर कुठल्या तरी कॉन्फरन्सनंतर समुद्रकिनाऱ्यावर काढलेला हसरा ग्रुप फोटो. श्यामसुंदर सर सगळ्यात शेवटी उभे राहिले. त्यांच्याकडे एकच स्लाइड होती, एका आलेखाची, आणि त्या आलेखात काहीच नव्हतं.

"आमच्याकडे काही घडत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं घडलेलं नाही, पुढेही बहुतेक घडणार नाही. ज्यांना हे चालेल त्यांनी यावं." आणि बसले.

मला वाटलं, माणूस विनोद करतोय. मी गेले. आता सहाव्या वर्षी सांगते, तो विनोद नव्हता.

आमचं काम साधं आहे. लांब एका बंद पडलेल्या खाणीत, डोंगराच्या पोटात, शिशाच्या भिंतीआड आम्ही काही स्फटिक ठेवलेत, बर्फाला लाज वाटेल इतके थंड करून. त्या स्फटिकातल्या एखाद्या अणूचं केंद्रक एका विशिष्ट तऱ्हेने बदलेल, दोन इलेक्ट्रॉन बाहेर फेकेल आणि बाकी काहीही फेकणार नाही, याची आम्ही वाट बघतो. तसं झालं, तर विश्वात द्रव्य आणि प्रतिद्रव्य एकमेकांना खाऊन संपून न जाता वस्तू म्हणून काही शिल्लक का राहिलं, या कोड्याचं एक टोक हाताला लागेल. झालं तर आलेखावर ठरलेल्या जागी एक ठिपका उमटेल. एवढंच. जगभर बरेच लोक अशा ठिपक्याची वाट बघत बसलेत. आम्ही खारघरला बसतो, डोंगराकडच्या बाजूला, जिथे आमच्या खिडकीतून नवे टॉवर वर चढताना दिसतात. मी आले तेव्हा खड्डा होता, आता बाविसाव्या मजल्यावर लोक कपडे वाळत घालतात.

माझं घर घणसोली गावात. खाली दोन दुकानं, वर भाड्याच्या खोल्या, सगळ्यात वर आम्ही. माझ्या आईला, भागीरथीबाईला, माझं काम पहिल्या वर्षीच कळलं होतं, आणि माझ्या मते संस्थेतल्या निम्म्या लोकांपेक्षा बरं कळलं होतं. रोज मी घरी आले की ती कढईतून मान वर न काढता विचारायची, "गावला का गो?"

"नाय."

"मंग हात धू आन जेवाला बस."

सुरुवातीला मला या प्रश्नाचा राग यायचा. मग हसू यायचं. सहाव्या वर्षी यातलं काही येईना. फक्त याच प्रश्नाचं नाही, कशाचंच काही वाटेना. माझा भाऊ हरेश, त्याला मुलगी झाली. त्याने फोटो पाठवला, मी "छान" टाइप केलं आणि पुढचा मेसेज उघडला. पुढचा मेसेज गल्लीतल्या पाण्याच्या टँकरबद्दल होता. दोन्ही मी सारख्याच चेहऱ्याने वाचले. मला त्याची भीती वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही. रिकाम्या आलेखाकडे इतकी वर्षं पाहिलं की माणूस आतून त्या आलेखासारखाच होतो, असं मी स्वतःला समजावलं आणि कामाला लागले.

आता जोकरबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापासून सुरू झालं.

ठिपक्याची आस लागलेल्या माणसाला ठिपका दिसतोच. म्हणून आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. आलेखाचा जो भाग महत्त्वाचा, त्यावर वर्षभर काळी पट्टी असते. सगळ्यांच्या स्क्रीनवर. कुणालाच आत बघायची परवानगी नाही. आणि सरांनी त्यावर आणखी एक कडी केली होती. दर वर्षी डेटा घ्यायला सुरुवात होण्यापूर्वी ते पत्त्यांचा कॅट घेऊन यायचे. ग्रुपमधल्या प्रत्येकाने एक पत्ता ओढायचा, बघायचा, आणि चेहऱ्यावरची माशी न हलू देता परत ठेवायचा. ज्याला जोकर येईल त्याने वर्षभरात कधीही, कुणालाही न सांगता, काळ्या पट्टीच्या आत खोटे ठिपके टाकायचे. किती ते त्याची मर्जी. एकही नाही टाकला तरी चालेल. वर्षअखेर पट्टी निघाली की जे दिसेल ते सगळ्यांनी कसून तपासायचं, तपासणी संपून सगळं पक्कं झालं की मीटिंग भरायची, आणि मगच जोकरने उभं राहून सांगायचं, यातले अमुक माझे. म्हणजे काम करणाऱ्याला कधीच खात्री नाही की समोरचा ठिपका खाणीतून आलाय की शेजारच्या टेबलावरून. खात्री नसली की माणूस प्रामाणिक राहतो, असं सर म्हणायचे.

त्याला जोडून नियम असा की जोकरचं नाव त्या वर्षीच्या पेपरवर येत नाही. आणि मीटिंगच्या आधी ज्याला जोकरकडून कळलं, त्याचंही येत नाही. ज्याला माहीत होतं त्याची तपासणी धरायची नाही.

हा नियम कागदापुरता नव्हता. माझ्या आधी यशराज नावाचा मुलगा होता, सरांचा सगळ्यात लाडका. त्या वर्षीच्या जोकरने दारूच्या पार्टीत त्याच्यापाशी तोंड उघडलं आणि यशराजने भाबडेपणाने ते सरांना सांगितलं. सरांनी त्याच दिवशी त्याचं नाव काढलं. दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली, बाहेरची नोकरी हुकली. सरांच्या पत्नी, स्मिताकाकू, त्याच्यासाठी भांडल्या. त्यांच्या घरी सगळ्या विद्यार्थ्यांचा राबता, त्या पोराने त्यांच्या हातची आमटी किती वेळा खाल्ली होती. सर बधले नाहीत. काकू कित्येक दिवस त्यांच्याशी बोलत नव्हत्या, पुढ्यात ताट ठेवायच्या आणि निघून जायच्या. हे काकूंनीच मला नंतर सांगितलं, हसत, पण पूर्ण हसत नाही.

या वर्षी जोकर मला आला.

मी पत्ता पाहिला, ठेवला, आणि चहा घेतला. चेहरा सांभाळायला कष्ट पडले नाहीत. मग फेब्रुवारीत एक ठिपका टाकला आणि जूनमध्ये एक. जूनचा टाकला तेव्हा मी कॅन्टीनचा वडापाव खात होते. प्रत्येक ठिपक्यामागे स्फटिकातून आलेल्या सिग्नलची एक लाट असते; प्रोग्रामने विचारलं, लाटेचा नेहमीचा आकार वापरू का? मी हो म्हटलं आणि चटणीचा हात पुसला.

जुलैत सरांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. ग्रुपमधले लोक एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. मीही कुणाच्या तरी खांद्यावर हनुवटी ठेवून उभी होते आणि समोरच्या भिंतीवरच्या एसीची सर्व्हिसिंग कधी करायची ते त्याच्या स्टिकरवर वाचत होते. सरांनी काम सोडलं नाही. घरून, मग हॉस्पिटलमधून, लॅपटॉप पोटावर घेऊन. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत आणि पट्टी काढायची तारीख जवळजवळ एकच येत होती. अभिराम, आमच्यातला सगळ्यात मोठा, पीएच.डी. होऊन दोन वर्षं झालेला, म्हणाला की सरांसाठी पट्टी आधी काढू. सरांनी त्याला फोनवरच झापलं. "माझ्या पोटात काय आहे त्यावर खाणीचं कॅलेंडर चालत नाही," असं म्हणाले म्हणे.

नोव्हेंबरमध्ये ठरल्या दिवशी पट्टी निघाली. मी तेव्हा मेट्रोत होते, पेठपाड्याच्या पुढे. ग्रुपवर अभिरामचा मेसेज आला. एकच शब्द. "तीन."

मी तो परत वाचला. तीन.

पहिला विचार आला की मीच कुठेतरी गाढवपणा केलाय, बटण दोनदा दाबलंय. संस्थेत पोचल्यावर दार लावून माझ्या नोंदी उघडल्या. दोनच. फेब्रुवारी आणि जून. अभिरामच्या यादीत फेब्रुवारी, जून आणि मध्ये मार्च. मार्चचा ठिपका माझा नव्हता. तो खाणीतून आला होता, आणि हे साऱ्या जगात फक्त मला माहीत होतं.

एका ठिपक्याने काही सिद्ध होत नाही, हे मी कुणालाही झोपेत सांगेन. भिंतीतला रेडॉन वायू असेल, कुठला तरी चुकार गॅमा किरण असेल. तरी अंगावर काटा यायला हवा होता. मी खुर्चीत बसून वाट पाहिली. आला नाही.

दोन दिवसांनी मी सरांना भेटायला गेले. नेरुळच्या हॉस्पिटलात, दुपारी. काकू लिफ्टपाशीच भेटल्या. त्यांनी मला खोलीकडे जाऊ न देता कोपऱ्यात ओढलं.

"निशी, ते सारखं तेच बोलतायत. तीन, तीन. झोपेतसुद्धा." त्यांनी माझं मनगट धरलं होतं. "मला तुमच्यातलं काही कळत नाही. पण यातले टाकलेले किती आणि खरे किती, हे कुणातरी एकाला माहीत असतं ना? मीटिंग अजून पंधरा दिवस आहे. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस नाहीत. तू त्या जोकरला शोध. त्याला म्हणावं, यांना सांग. काय असेल ते सांग, पण असं मधेच लटकत जायला नको त्यांनी."

"मला काही माहीत नाही काकू," मी म्हटलं.

"विचारून तर बघ कुणाला."

"नियम आहे काकू."

"नियम मला तू शिकवू नकोस," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मनगट सोडलं. "त्या नियमाला मी यशराजच्या वेळेपासून ओळखते."

मी आत गेले. सर निम्मे झाले होते. उशीला टेकून बसलेले, लॅपटॉप पोटावरच्या टेबलावर, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला. मला बघून त्यांनी नमस्कार-चमत्कार केला नाही, स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"बस. हे बघ. टाकलेले असतील हे धरूनच बोलतोय मी, तू तोंड वाकडं करू नकोस. फेब्रुवारीचा सोड, तो जरा नाटकी वाटतो. मार्चचा तर टाकलेलाच आहे. लाट बघ त्याची, उतरताना मधेच अडखळलीय. कुणीतरी शहाणपणा करून मुद्दाम गलथान आकार काढलाय, खरा वाटावा म्हणून." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण जूनचा बघ निशिगंधा. चढण बघ. उतार बघ, किती स्वच्छ. हे कुणाला हाताने करता येत नाही. कालपासून मी हाच बघतोय. इतकी वर्षं मी डोक्यात जो आकार घेऊन बसलो होतो, तंतोतंत तो आहे. किती सुंदर आहे."

ते बोट स्क्रीनवरून त्या लाटेवर फिरवत होते, तान्ह्या मुलाच्या कपाळावरून फिरवतात तसं.

मला वडापाव आठवला. चटणीचा हात आठवला. आणि फार दिवसांनी मला काहीतरी वाटलं, आणि ते चांगलं नव्हतं. किळस होती, माझी मलाच. हा माणूस सगळा जन्म स्वतःला फसवू द्यायचं नाही म्हणून धडपडला, आणि आता जाताना मी कंटाळून केलेल्या खोट्या ठिपक्यावर जीव टाकत होता. आणि जो खरा होता त्याला गलथान म्हणून बाजूला सारत होता.

"सर," मी म्हटलं, "जूनचा माझा आहे."

त्यांचं बोट थांबलं.

"फेब्रुवारीचाही माझा. जोकर मी आहे."

सलाइनच्या मशीनने दोनदा टुक केलं. त्यांनी डोळे मिटले आणि मला वाटलं, मी यांना मारलं.

"का सांगितलंस?" डोळे मिटूनच त्यांनी विचारलं.

"तुम्ही त्याला सुंदर म्हणालात."

मग म्हणाले, "माझं नाव काढायचं."

"सर, कुणाला कळणारसुद्धा नाही. इथे कुणीच—"

"तुला कळलंय, मला कळलंय. मीटिंगमध्ये तू सांगायचंस. यशराजचं नाव मी काढलं होतं. हिच्या नजरेला नजर देता येत नव्हती मला, तरी काढलं होतं. आता माझं ठेवलं तर त्या पोराने माझ्या तोंडावर थुंकावं." त्यांना खोकला आला. मी पाणी दिलं. एक घोट घेऊन त्यांनी पेला तसाच हातात धरून ठेवला. मग डोळे उघडले. "एक मिनिट. फेब्रुवारी आणि जून?"

"हो."

"आणि मार्च?"

"मार्चचा माझा नाही."

सरांनी पेला माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला. चष्मा वर ढकलला. स्क्रीन स्वतःकडे वळवली आणि मार्चची ती अडखळणारी लाट मोठी केली, आणखी मोठी केली, पार स्क्रीनभर.

"हा?" ते म्हणाले. "हा वेडावाकडा?"

त्यानंतरची दुपार आम्ही नेहमीसारखं काम केलं. दुसरा शब्द नाही त्याला. त्यांनी प्रश्न विचारायचे, मी शोधून सांगायचं. कुठला स्फटिक होता? शेजारच्या स्फटिकात त्याच वेळी काही हललं का? नायट्रोजन कधी भरला होता? पंप चालू होता? "वामनला लाव," ते म्हणाले. वामन म्हणजे खाणीवरचा आमचा टेक्निशियन. मी फोन स्पीकरवर टाकला. सरांचा आवाज ऐकून तो आधी गडबडला, मग तारीख ऐकून म्हणाला, "साहेब, त्या दिवशी धुळवड होती ना. खाणीत कुणीच नव्हतं. पंपसुद्धा बंद ठेवला होता. अक्षरशः शुकशुकाट."

"शुकशुकाट," सर फोन ठेवून म्हणाले. मग मान हलवली. "कचराच असणार बहुतेक. हा अडखळलाय ना, इथे स्फटिकाच्या पृष्ठभागाजवळ काहीतरी झालंय. शिशातून आलेलं असेल काही. नव्वद टक्के कचरा."

"हो सर."

"पण कुणी टाकलेला नाही."

"नाही."

"मला बनवायला नाही आला तो. आपला आपण आला." आणि सर हसले. मी सहा वर्षांत त्यांना खूपदा हसताना पाहिलं होतं, कुणाच्या तरी चुकीवर. हे तसं नव्हतं. "काय आहे ते मला माहीत नाही निशिगंधा. शप्पथ, मला खरंच माहीत नाही." ते असं म्हणाले जणू कुणी त्यांना काहीतरी आणून दिलं होतं.

मी निघताना त्यांनी पुन्हा बजावलं, मीटिंगपर्यंत एक अक्षर नाही, कुणापाशी नाही, हिच्यापाशीसुद्धा नाही. बाहेर काकू बाकावर बसल्या होत्या. "विचारलंस का कुणाला?" त्यांनी विचारलं.

"मला काहीच माहीत नाही काकू," मी म्हटलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

त्याच आठवड्यात सर गेले. दुसऱ्या दिवसापासून शुद्धच नव्हती म्हणे. मला हरेशने स्कूटरवरून स्मशानात नेलं. मी उभी राहिले, पाया पडले, परत आले. आईने दारातच अंगावर पाणी घ्यायला लावलं, आणि त्या दिवशी तिने गावला का म्हणून विचारलं नाही. मी आंघोळ करून जेवले. आत सगळं पुन्हा बंद झालं होतं, काळी पट्टी लावल्यासारखं.

मीटिंग ठरल्या तारखेला झाली. सगळे जमले. अभिरामने सुरुवातीलाच सांगितलं की पेपरवर पहिलं नाव सरांचं जाईल, एरवी आपण आडनावाप्रमाणे लावतो, पण या वेळी पहिलं. "त्यांचा शेवटचा पेपर आहे," तो म्हणाला. सगळ्यांनी बाक वाजवले. काकूंनाही त्याने तसं कळवून टाकलं होतं.

मग त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "जोकर कोण?"

मी उभी राहिले. लोकांनी वळून पाहिलं. कुणीतरी हळूच शिटी वाजवली, कारण माझा चेहरा बघून कुणाला संशयसुद्धा आला नव्हता.

"फेब्रुवारी आणि जून माझे," मी म्हटलं.

क्षणभर कुणाला हिशेब लागला नाही. मग लागला. अभिराम फळ्याकडे धावला, खुर्च्या सरकल्या, सगळे एकदम बोलायला लागले. मार्च, मार्च. मी उभीच होते. आता खाली बसले तरी चाललं असतं. सर गेले होते, खोलीचं दार त्या दुपारी बंद होतं. पेपरवर नाव गेलं असतं, पहिलं. काकूंनी त्याची फ्रेम करून सरांच्या फोटोशेजारी लावली असती, आणि तिथे जाऊन आमटी खाताना मला दर वेळी ती दिसली असती.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "मी सरांना सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये. त्यांचं नाव येणार नाही. त्यांनीच सांगितलंय काढायला."

सगळा गोंगाट जागच्या जागी थांबला. अभिरामच्या हातात खडू तसाच.

"निशी," तो हळू म्हणाला, "हे आता बोलायची काय गरज होती यार? कोणाला कळणार होतं?"

"मी पण त्यांना हेच म्हटलं होतं," मी म्हटलं आणि बसले.

नाव निघालं. नियम होता, आणि तो ज्याचा होता त्याच्यासमोर कुणाची वाद घालायची हिंमत नव्हती, तो नसतानासुद्धा.

काकूंना सांगायला कुणी तयार होईना. साहजिकच ते माझ्यावर आलं. मी चालतच गेले, खारघरला त्यांची बिल्डिंग संस्थेपासून तशी जवळ आहे. काकू डायनिंग टेबलाशी बसून वाल सोलत होत्या. एकटीला किती वाल लागतात, पण परात भरून होती. मला बघून त्यांनी खुर्ची पुढे केली आणि दाणे सोलायला लावले. मी चार दाणे सोलले आणि सांगून टाकलं.

"काकू, पेपरवर सरांचं नाव येणार नाहीये."

त्यांचे हात थांबले नाहीत. "अभिराम तर म्हणाला, पहिलं येणार."

"हो. पण नाही येणार आता."

"का?"

मी परातीकडे बघत राहिले. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या बोटात एक वाल होता, निम्मा सोललेला. तो त्यांनी हळूच परातीत ठेवला.

"नाव काढतात ते कळलं म्हणून," त्या म्हणाल्या. "आधी कळलं म्हणून. यशराजचं काढलं तसं."

मी मान हलवली.

"म्हणजे त्यांना कळलं होतं? जायच्या आधी?"

"हो काकू. त्या दुपारी मीच सांगितलं. जोकर मीच होते. तीनातले दोन माझे होते. एक नव्हता. बहुतेक तो कचराच आहे, अजून कुणालाच माहीत नाही काय आहे ते. पण त्यांना कळलं होतं."

मला वाटलं त्या चिडतील. हॉस्पिटलात मी त्यांच्या तोंडावर खोटं बोलले होते, दोनदा. पण काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"त्या संध्याकाळी," त्या म्हणाल्या, "तू गेल्यावर मी आत गेले तर मला म्हणाले, स्मिता, चष्मा नीट पुसून दे. मग म्हणाले, दाढी करून दे. मी केली. हसत होते गं. किती महिन्यांनी. मला म्हणाले, धुळवडीला आपण काय केलं होतं आठवतं का, पुरणाच्या पोळ्या उरल्या होत्या त्या तुपावर भाजून खाल्ल्या होत्या. असलं काय काय. रात्री झोप लागेपर्यंत हसत होते." त्यांनी पदराने नाक पुसलं. "नर्स म्हणाली, मॉर्फिन वाढवलंय, त्याने होतं असं, पेशंट खुशीत येतो. मी धरून चालले, असेल. इतके दिवस मी हेच धरून बसलेय की शेवटी माझ्याशी जे हसले-बोलले ते त्यांचं नव्हतंच. औषधाचं होतं."

मी परातीतली सालं एका बाजूला केली.

"औषधाचं नव्हतं ना, निशी?"

"नाही काकू," मी म्हटलं. "त्यांचं होतं."

काकूंनी दोन्ही हात तोंडावर घेतले. आणि मग मला रडू आलं. आधी वाटलं वालाचा उग्र वास डोळ्यांत गेला, म्हणून मी मनगटाने डोळे पुसले, पण ते थांबेना. जुलैपासूनचं, त्याच्या आधीचंही, हरेशच्या पोरीच्या फोटोपर्यंतचं सगळं एकदम आलं. काकू उठून माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि वालाच्या ओल्या हातांनी माझं डोकं पोटाशी धरलं. मग त्यांनी विचारलं, आता आलीच आहेस तर जेवून जाशील ना, आणि मी हो म्हटलं.